तपासल्याशिवाय दोर नाही

दोरखान्यात तिला सगळे लालचिठ्ठी म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. नापास दोराला लाल चिठ्ठी बांधायची हे तिचं काम होतं. काम नीट केलं की नाव पडतंच.

क्रेनला अडकवून ओझी उचलायचे दोर तिथे तयार होत. बावीस वर्षं तिने ते तपासले. दोर उघड्या हातातून सरकवायचा, वावभर आला की थांबायचं. दोन्ही हात पसरल्यावर जेवढी लांबी भरते, ती एक वाव. तिथे पीळ उलटा फिरवायचा, पेड सुटे करायचे, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत प्रत्येक पेड दाबून बघायचा. आत कुजलेला पेड बाहेरून दिसत नाही. चिमटीला मऊ लागतो. असं करत शेवटापर्यंत जायचं. बारा वाव दोराला अकरा मिनिटं लागतात. दहात होत नाही. ज्याचं दहात होतं तो तपासत नाही, नुसता हात फिरवतो.

दोर पास झाला की ती त्याला आपला शिक्का मारी. सतरा नंबर.

तिच्या सेहेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी तिने चाळीस दोरांना लाल चिठ्ठ्या बांधल्या. सगळ्यांचा मधला पेड मऊ होता. सुपरवायझर आला. त्याला एक सवय होती, बोलण्याआधी पेन्सिलीचं मागचं टोक दोनदा टेबलावर आपटायचं. ठक, ठक.

"बाई, खाली गाडी उभी आहे."

"उभी राहू दे. माल नापास आहे."

"बाहेरून तर झकास दिसतोय."

"बाहेरून बघायला मला कशाला ठेवलंय?"

"तुमच्या बोटांसाठी गाडी थांबणार नाही, बाई."

ती जेवायला गेली. परत आली तेव्हा चाळीस दोर नव्हते. चाळीस लाल चिठ्ठ्या केराच्या डब्यात होत्या आणि तिचा शिक्का खणात उलटा पडला होता. ती कधी उलटा ठेवत नसे. खणाची दुसरी किल्ली सुपरवायझरकडे असे.

तीन महिन्यांनी दगडांच्या वखारीत त्यातला एक दोर तुटला आणि एका माणसाच्या पावलावर लादी पडली. चौकशी झाली. दोरावर सतरा नंबरचा शिक्का. माल सोडताना सुपरवायझरने कागदावर सही करायची असते. त्या दिवशीच्या कागदावर सहीची जागा कोरी होती. "मला विचारलंच नाही," तो म्हणाला. "बाईंनी परस्पर सोडला." केरात गेलेल्या चिठ्ठ्यांचं तिचं म्हणणं कुणी मानलं नाही. तिच्या नावापुढे हलगर्जीपणा असा शब्द लागला आणि तिला घरी पाठवलं.

ती त्या माणसाला बघायला दवाखान्यात गेली होती. तो पलंगावर पडल्या पडल्या एवढंच म्हणाला, "सतरा नंबर म्हणजे तुम्हीच ना?" ती हो म्हणाली आणि परत आली.

पुढे तिला कुठल्याच दोरखान्याने घेतलं नाही. एका मोठ्या इमारतीचे जिने तिने चौदा वर्षं पुसले. तेही नीट पुसले. पण पुसताना रोज, दर पायरीला, तिच्या डोळ्यांपुढे ती कोरी जागा यायची. तिथे त्या माणसाची सही हवी होती. त्याला शिक्षा व्हावी, नोकरी जावी, पाय मोडावा, असलं सगळं सुरुवातीला मनात येऊन गेलं. मग गाळ खाली बसावा तसं ते बसलं आणि वर एकच गोष्ट राहिली. सही. आपण सांगितलं होतं, याने ऐकलं नाही, आणि त्याखाली याच्या हाताने याची सही.

असा डूख धरून ती सदुसष्टीला आली.

तिची भाची, म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, वाचनालयात कामाला होती. दर रविवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर ती एक खेळ चालवायची. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, आणि सगळ्यांनी मिळून तोंडाने गोष्ट पुढे न्यायची. पुढे काय होतं हे निम्मं आपण सांगतो ते, निम्मं वीस आकड्यांचा फासा सांगतो ते. भाची सूत्रधार. दरी कुठे, चोर कुठे, दार उघडं की बंद, ते तिने ठरवायचं.

"मावशी, एक माणूस कमी पडतोय. ये ना. घरी भिंतीच बघत बसतेस."

"या वयात काय खेळ खेळू? लोक हसतील."

"येतात ते काही कुक्कुली बाळं नाहीत. एक सलूनवाला आहे आणि एक रिटायर झालेले साहेब."

ती गेली. जिना चढून दारात उभी राहिली आणि आतून आवाज आला. ठक, ठक.

केस पांढरे झाले होते, गाल लोंबले होते, पण पेन्सील तशीच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने मान वर करून पाहिलं आणि हसून म्हणाला, "या, या. नव्या का?"

त्याने ओळखलं नव्हतं. दोरखान्यात तंतूंचा धुरळा उडे म्हणून बायका नाकातोंडाला फडकं बांधत. त्याने तिचा पुरता चेहरा कधी पाहिलाच नसेल. आणि पाहिला असता तरी आठवण ठेवावी लागते ती ज्याचं गेलंय त्याला. ती खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली.

भाचीने नियम सांगितले. तीस गुण मिळतात. ते ताकद, चपळाई, चिवटपणा, नजर, बुद्धी आणि वाणी यांच्यात वाटायचे. शिवाय कागदावर एक सवय लिहायची. त्या सवयीचं काम आलं की फाशावर तीन जास्त मिळतात. पण सवय पाळायचीच, अंगाशी आली तरी. मोडली तर तीन गुण कायमचे गेले.

"आणि ती भिंत?" तिने विचारलं. भिंतीवर पाच-सहा कागद टाचलेले होते.

"ते आमचं स्मशान!" सलूनवाला म्हणाला. त्याचं पात्र गाणारा चोर होतं आणि त्याचे असे दोन चोर आधीच भिंतीवर लटकले होते. "जो मेला त्याचा कागद तिथे. कसा मेला ते शेवटी बघणाऱ्याने लिहायचं, आणि ज्याचा मेला त्याने खाली सही करायची. म्हणजे मागाहून तक्रार नको."

सही. तिने तो शब्द ऐकला आणि भिंतीकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं.

साहेबाने आपला कागद तिच्यापुढे सरकवला. लोखंडी चिलखतातला योद्धा, नाव रणगाडा. ताकद दहा, चिवटपणा दहा, चपळाई सात. नजर, बुद्धी, वाणी यांना एकेक. सवय : कुणासाठी थांबत नाही.

"गुण असे टाकायचे, बाई," तो म्हणाला. "पात्राची आई कोण, बाप कोण, मन कसं, ही सगळी नाटकं. कामाला किती येतं ते बघायचं."

तिने पहिला कागद रागाच्या भरात केला. मारेकरी बाई. सगळे गुण चपळाईला आणि ताकदीला. सवयीच्या जागी काही सुचेना म्हणून तशीच सोडली. आकडे असे होते की साहेबसुद्धा म्हणाला, "वा, बाई शिकल्या की!"

तासाभरात तिने रणगाड्याला अंधाऱ्या गुहेत गाठलं. "मी त्याला सुरा मारते."

"का?" भाचीने विचारलं.

"म्हणजे?"

"ही बाई त्याला का मारते? आपल्याच माणसाला? कुठून आली, काय शिकली, सुरा कुठे लपवला होता? सांग, मग फासा घे."

तिला सांगता येईना. खरं कारण टेबलावर ठेवण्याजोगं नव्हतं आणि खोटं रचायची सवय नव्हती. फाशावर एकच पडला. सुरा चिलखतावरून घसरला आणि रणगाड्याने मारेकरणीला उचलून कड्याखाली भिरकावलं. सलूनवाला पोट धरून हसला.

शेवटी बघणारा साहेबच. त्याने तिच्या कागदावर लिहिलं : घाई केली. आणि पेन तिच्यापुढे धरलं.

घाई! बावीस वर्षांत तिला हा शब्द कुणी लावला नव्हता. आणि लावला कुणी, तर याने. तिने सही केली. अक्षर वाकडं आलं, तो म्हणाला, "वयाने होतं असं."

परतताना भाची म्हणाली, "मावशी, रागावू नकोस, पण ती बाई तू नव्हतीस. नुसते आकडे होते. नुसत्या आकड्यांना फासा कधीतरी दगा देतोच."

"मग काय, रडगाणं लिहू कागदावर? तो बघ, आकड्यांवरच जिंकतो."

"रडगाणंही नको. सुंदर कहाणी लिहायची आणि लढाईत एका कोपऱ्यात उभं राहायचं, असले पण येतात. ते बाकीच्यांच्या गळ्यात लोढणं. तुला काय येतं? खरंच हाताला काय येतं? ते लिही. आणि गुणही तिथेच टाक."

आठवडाभर तिने डोकं चालवलं. दुसऱ्या रविवारी नवा कागद घेऊन गेली. दोर तपासणारी. नजर दहा, बुद्धी आठ, चिवटपणा सहा, बाकी दोन-दोन. सामान : स्वतः वळलेला बारा वाव दोर. सवय : तपासल्याशिवाय दोर कुणाच्या हाती देत नाही.

साहेब खो खो हसला. "अहो, राक्षस आला की त्याला दोर दाखवणार का? हे ओझं आम्हीच वाहायचं!"

"नका वाहू. माझी मी चालेन."

पुढचे सहा रविवार ती मागेच चालली. लढाई आली की खडकाआड बसायची. पण शिडी आली की म्हणायची, "थांबा, बघते." चौथी पायरी कुजकी निघाली. विहिरीचा रहाट बघितला, खुंटी सैल निघाली. सलूनवाल्याचा चोर दोनदा तिच्यामुळे वाचला. तो तिला "मावशी, आधी तुम्ही" म्हणू लागला. साहेब मात्र दर वेळी पेन्सील आपटायचा. ठक, ठक. "झालं का, बाई? चला!" आणि रणगाडा तिच्या बाजूने पुढे निघून जायचा. आजवर त्याचं निभावलं होतं.

ती वाट बघत होती. वाट बघणं हेही कामच आहे, आणि ते तिला येत होतं.

सातव्या रविवारी दरी आली. दरीवर दोरांचा झुलता पूल. मागून शत्रू येत होते, अजून लांब होते. ती म्हणाली, "मी पुलाचे दोर बघते." फासा टाकला, सतरा पडला. ती आकड्याकडे बघत राहिली. भाचीने एका चिठोऱ्यावर काहीतरी लिहून घडी तिच्या हातात दिली. नियम तसाच होता, जिने बघितलं तिलाच कळायचं.

डावा मुख्य दोर, मधला पेड आतून कुजलेला. एक माणूस हळू गेला तर जाईल. चिलखतातला जाणार नाही.

तिने चिठोरा मुठीत धरला.

मधला पेड. भाचीला त्या चाळीस दोरांची गोष्ट ठाऊक नव्हती. तिने आपलं सहज लिहिलं होतं. काही करायचं नव्हतं. मूग गिळून बसायचं होतं. तो आपल्या पायाने पुलावर जाईल, खाली जाईल, आणि भिंतीवर त्याच्या सहीचा कागद लागेल. एकवीस वर्षांचं उट्टं एका मिनिटात फिटतंय.

साहेबाने विचारलं, "काय बाई? ठीक आहे ना?"

हो म्हटलं असतं तर झालं होतं. पण मग नापास दोर पास करणारी सतरा नंबर ती खरोखरच झाली असती. तो चौकशीत जे बोलला होता ते एकवीस वर्षांनी तिने स्वतःच खरं केलं असतं. आणि सहीच्या वर लिहिणार काय? सांगितलं नव्हतं, असं?

"नापास," ती म्हणाली. एवढ्या मोठ्याने की सलूनवाला दचकला. "डाव्या दोराचा मधला पेड कुजलाय. चिलखत घालून जाऊ नका. काढा, नाहीतर मी माझा दोर बांधते तोवर थांबा."

"किती वेळ?"

"अकरा मिनिटं."

ठक, ठक.

"शत्रू पाठीशी आहेत, बाई. तुमच्या बोटांसाठी आम्ही थांबणार नाही."

शब्द जवळजवळ तेच. त्याला आठवलंही नाही.

"साहेब, मावशींचं आजवर चुकलं नाही हो," सलूनवाला म्हणाला. "जरा दम धरा."

"माझी सवयच लिहिलीय तशी. कुणासाठी थांबत नाही. मोडली तर तीन गुण जातील." त्याने कागद दाखवला. "रणगाडा निघाला."

पुलाच्या मध्यावर डावा दोर तुटला. रणगाडा एका फळीला लोंबकळला. खाली दरी, अंगावर मणाचं लोखंड.

भाची म्हणाली, "फळी धरून ठेवायला दर पाळीला फासा टाकावा लागेल. ताकद मिळवायची. पहिल्या पाळीला दहा हवेत, मग दर पाळीला तीन वाढणार. हात घसरत जाणार. कुणी काय करतंय?"

चोराकडे दोर नव्हता. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"बाई! दोर टाका!"

"टाकते," ती म्हणाली. "तपासून."

"काय?"

तिने पिशवीतून सुतळीचा तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. उगाच नव्हे, हातात काही नसलं की तिला नीट सांगता येत नसे. "माझी सवय लिहिलेली आहे. बारा वाव आहे. एका पाळीत दोन वाव होतात. याहून लवकर होत नाही."

भाचीने मावशीकडे पाहिलं. मग कागदाकडे. "नियमात बसतंय," ती हळूच म्हणाली. "पहिली पाळी."

तिने डोळे मिटले. सुतळी चिमटीतून सरकली, थांबली, पीळ उलटा फिरला. दाबलं. "एक वाव, ठीक. दुसरी, ठीक."

साहेबाचा फासा, सात. सतरा झाले. टिकला.

दुसऱ्या पाळीला बारा पडला. टिकला. त्याने कपाळ पुसलं.

"बाई, तो दोर तुमचाच आहे! तुम्हीच वळलेला!"

"माझ्या खणातलंही एकदा कुणीतरी काढलं होतं. तेव्हापासून मी पुन्हा बघते. पाचवी, ठीक. सहावी, ठीक."

तिसरी पाळी. आठ. अठरा झाले, हवे होते सोळा.

"सवय मोडा ना! तीन गुण जातील, जाऊ देत. माझे घ्या हवं तर!"

"तुम्ही का नाही मोडलीत तुमची? तुमचेही तीनच जात होते." तिने डोळे उघडले नाहीत. "सातवी, ठीक. आठवी, ठीक."

चौथी पाळी. नऊ. एकोणीस हवे होते, बरोबर एकोणीस झाले. सलूनवाला खुर्चीवरून अर्धा उठला होता.

तिला वेळ काढता आला असता. बोटं जरा रेंगाळली असती तर कुणाला कळलं असतं? तिने एक क्षणही जास्त घेतला नाही, आणि एक क्षणही कमी केला नाही. एवढं सुख तिला बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं, हेही खरं. ते ती स्वतःशी नाकारत नव्हती.

"नववी, ठीक. दहावी, ठीक."

साहेबाने फासा दोन्ही हातांत खुळखुळवला आणि टाकला. बारा हवा होता. अकरा पडला.

रणगाडा गेला.

सुतळी मात्र अजून सरकत होती. "अकरावी, ठीक," ती म्हणाली. "बारावी, ठीक. दोर पास आहे." मग तिने डोळे उघडले.

साहेब तिच्या बोटांकडे बघत होता. चेहऱ्याकडे नाही. अंगठा आणि पहिलं बोट अजून एकमेकांना टेकलेलं होतं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. पेन्सील हातात होती, पण आपटली नाही.

"शेवटी बघणारी मी," ती भाचीला म्हणाली. "तो कागद दे."

तिने रणगाड्याच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं : दोर नापास आहे असं आधी सांगितलं होतं. ऐकलं नाही. माल पुढे गेला. खाली कंसात नंबर घातला, सतरा. आणि कागद फिरवून त्याच्यापुढे ठेवला.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. "माल?" त्याने त्या शब्दावर बोट ठेवलं. "हे... हे खेळातलंच आहे ना, बाई?"

"वाचा की. खेळाचं नाव कुठे लिहिलंय?"

"तेव्हा वरून फार घाई होती. तुम्हाला कल्पना नाही..."

"मी काही विचारलं नाही."

सलूनवाल्याला यातलं काही कळत नव्हतं. त्याने आपला गंभीर चेहरा केला आणि म्हणाला, "साहेब, सही करून टाका. माझे दोन चोर गेले, मी कुरकुर केली का? नियम तो नियम."

साहेबाने भाचीकडे पाहिलं. तिने नजर वळवली नाही. तिलाही आता काहीतरी कळलं असावं. त्याने दाराकडे पाहिलं. उठून जाता आलं असतं. पण तिघंजण बघत होते, आणि दोरखान्यात त्या दिवशी कुणी बघत नव्हतं, एवढाच काय तो फरक.

त्याने कागद जवळ ओढला, पेन्सील टेकवली आणि घाईघाईने एक वाकडी रेघ ओढायला घेतली.

तिने कागदावर हात ठेवला.

"पेनाने," ती म्हणाली. "आणि सावकाश. वाचता आली पाहिजे."